भूमी राखणारा रोजगार

(इयत्ता सहावी व सातवीच्या परिसर-अभ्यासासाठी शिक्षकांना मार्गदर्शक पाठ. क्षेत्र : राणीसावरगाव, तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी. अवधी : चार तासिका व एक शिवारफेरी.)

१. प्रास्ताविक

दसरा सरतो, दिवाळीचे दिवे विझतात आणि बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील कित्येक शाळांच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. मुले आजारी नसतात, शाळेला कंटाळलेलीही नसतात. त्यांचे आईवडील मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी साखर कारखान्यांच्या तळावर ऊसतोडीला निघालेले असतात, आणि घरी सांभाळणारे कोणी नसल्यास मूलही त्यांच्याबरोबर निघते. नवरा-बायकोच्या जोडीला या व्यवसायात 'एक कोयता' म्हणतात. माणसांची मोजदाद हत्याराच्या नावाने व्हावी, यातच या कामाचे स्वरूप कळून येते. कोयता परततो तो उन्हाळ्याच्या तोंडाशी. तोपर्यंत वर्गातील पाठ पुष्कळ पुढे गेलेले असतात.

स्थलांतरित कुटुंबांतील मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना केली आहे व शिक्षकवर्गही मुलांना थोपवून धरण्याची पराकाष्ठा करीत असतो. हे प्रयत्न मोलाचे आहेतच. तथापि मूळ प्रश्न हजेरीपटाचा नसून रोजगाराचा आहे. गावातच अंगाला पुरेल असे काम मिळाले तर घर हलत नाही, आणि घर हलले नाही तर मूल शाळेत राहते. हे काम गावच्या मातीची, पाण्याची व झाडाझुडपांची जोपासना करणारे असेल तर आज मिळालेली मजुरी उद्याच्या रोजगाराचे बी ठरते. अशा कामाला हल्ली 'हरित' किंवा 'परिसरस्नेही' रोजगार म्हणतात. तो आपल्या गावात कोठे आहे हे मुलांना शोधता यावे व गावापुढे मांडता यावे, यासाठी हा पाठ योजिला आहे.

२. पाठाचे उद्देश

(अ) परिसरस्नेही रोजगार कोणता व कोणता नव्हे, हे विद्यार्थ्याला कारणे देऊन सांगता यावे.

(आ) महाराष्ट्रातील रोजगार हमीचा इतिहास त्याला थोडक्यात कळावा.

(इ) आपल्या शिवारातील माती व पाणी यांचा साधा हिशेब त्याला करता यावा.

(ई) गावातील कामांची पाहणी करून तिचा तक्ता त्याने तयार करावा व ग्रामसभेपुढे ठेवण्याजोगी मांडणी करावी.

३. विषयविवेचन : चार कसोट्या

परिसरस्नेही रोजगार म्हटला की मुले 'झाडे लावणे' एवढेच उत्तर देतात. हे उत्तर चूक नाही, परंतु अपुरे आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना अशा रोजगाराची व्याख्या करताना दोन गोष्टी एकत्र बांधते : कामाने निसर्गाची राखण किंवा भरपाई झाली पाहिजे, आणि ते काम करणाऱ्याच्या माणूसपणाला साजेसे असले पाहिजे. निसर्गाचे भले करणारे, पण मजुराला उपाशी ठेवणारे काम या व्याख्येत बसत नाही. भारतातही २०१५ मध्ये हरित रोजगारासाठी स्वतंत्र कौशल्य परिषद स्थापन झाली व सौर ऊर्जा, कचऱ्याची विल्हेवाट यांसारख्या कामांचे प्रशिक्षण आखले जाऊ लागले.

वर्गात ही कल्पना चार प्रश्नांच्या रूपाने मांडावी.

पहिला प्रश्न : या कामाने माती, पाणी, झाड यांत भर पडते की घट होते? दुसरा प्रश्न : करणाऱ्याला पुरेशी मजुरी, सुरक्षितता व मान मिळतो काय? तिसरा प्रश्न : काम संपल्यावर गावाजवळ काय उरते? चौथा प्रश्न : हे काम गावात किंवा गावाजवळ राहून करता येते काय?

या कसोट्यांवर प्रत्यक्ष कामे घासून पाहावीत. कापसावर विषारी औषध फवारण्याचे काम गावातच मिळते, परंतु दुसऱ्या कसोटीला ते अडखळते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, ही घटना मुलांना सांगावी. ऊसतोड पोटाला आधार देते, पण ती चौथ्या कसोटीला उतरत नाही. तिच्यातील एक विपर्यासही ध्यानात आणून द्यावा. पाण्याअभावी ज्यांचे शिवार उजाड पडते, तीच माणसे अत्यंत पाणी पिणारे पीक तोडण्यासाठी परमुलखात जातात. मात्र हे सांगताना ऊसतोडीस जाणाऱ्या पालकांचा अवमान होईल असा एकही शब्द शिक्षकांच्या तोंडून निघू नये. त्यांच्या कष्टावर कित्येकांच्या घरची साखर अवलंबून आहे, आणि वर्गात त्यांचीच मुले बसलेली आहेत.

४. इतिहास : खडीपासून पाझर तलावापर्यंत

डोंगरावरून वाहून जाणारी माती व पाणी अडवावे, आणि त्यासाठी माणसांचे हात लावावेत, हा विचार महाराष्ट्रात नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये सिद्ध केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात शेतीच्या दैन्याची मीमांसा करताना, सरकारने लष्कर व पोलीस यांतील मोकळ्या मनुष्यबळाकडून जागोजाग बांध-बंधारे घालून घ्यावेत व पाणी जमिनीत मुरवावे, अशी सूचना केली आहे.

या विचाराला कायद्याचे रूप येण्यास आणखी सुमारे एक शतक लागले. महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे रोजगार हमीचा प्रयोग सुरू झाला. काम मागेल त्याला काम द्यावे, आणि ते काम ग्रामविकासाच्या उपयोगी पडावे, ही त्यामागील दृष्टी होती. पुढे १९७२ चा दुष्काळ पडला. मराठवाड्यातील वृद्ध माणसे आजही आपले वय त्या दुष्काळावरून सांगतात. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. या कामांनी असंख्य जीव वाचविले, ही त्यांची थोरवी होय.

तरीपण त्या दिवसांतून एक धडा मिळाला. पुष्कळ ठिकाणी लोकांना खडी फोडण्याचे काम मिळाले. फोडलेल्या खडीचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले, मजुरी पोटात गेली, आणि गाव होते तेथेच राहिले. ज्या ठिकाणी त्याच श्रमातून पाझर तलाव, नालाबांध व शेताची बांधबंदिस्ती झाली, त्या ठिकाणी दुष्काळ ओसरल्यावरही विहिरींना त्या घामाचा उपयोग होत राहिला. घाम दोन्हीकडे सारखाच गळला. फरक होता तो काम निवडण्यात. तिसऱ्या कसोटीचा अर्थ मुलांना समजावून देण्यास याहून चांगले उदाहरण नाही.

रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने १९७७ मध्ये संमत केला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्याच्या खर्चाची सोय म्हणून १९७५ मध्येच व्यवसाय कर बसविण्यात आला होता. नोकरदार व व्यापारी यांनी कर भरावा व त्यातून खेड्यातील मजुराला काम मिळावे, अशी ही योजना होती. शिक्षकांच्या वेतनातूनही हा कर कापला जातो. आपल्या वेतनपत्रकातील तो रकाना शिक्षकांनी वर्गाला अवश्य दाखवावा. शिक्षकाचा पगार आणि मजुराची कुदळ यांतील नाते मुलांना त्या एका रकान्यातून कळते.

१९९० मध्ये रोजगार हमीला फळबाग लागवडीची जोड मिळाली आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधावर व बरड जमिनीवर आंबा, बोर, चिंच, आवळा, सीताफळ यांची लागवड होऊ लागली. महाराष्ट्राच्या या अनुभवाचा आधार पुढे देशाने घेतला. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचा कायदा झाला व २ फेब्रुवारी २००६ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवस अंगमेहनतीच्या कामाची हमी त्या कायद्याने दिली, कामावरून ठेकेदाराला दूर ठेवले, आणि मजुरांचे काम हिरावून घेणारी यंत्रे शक्यतो वापरू नयेत असा दंडक घातला. या व्यवस्थेचे नियम काळानुसार बदलत असतात. म्हणून पाठाच्या वेळी चालू असलेले नियम शिक्षकांनी ग्रामपंचायतीतून समजून घ्यावेत व तेच मुलांना सांगावेत.

५. राणीसावरगावची भूमी

गंगाखेड हे गोदावरीकाठचे गाव, संत जनाबाईचे जन्मस्थान. नदीच्या काठाला काळी, खोल जमीन आहे. तेथून दक्षिणेकडे निघाले की जमीन चढू लागते व बालाघाटाच्या रांगांचा डोंगराळ मुलूख लागतो. राणीसावरगाव याच मुलखात येते. डोंगरउतारावर मातीचा थर पातळ असतो व त्याखाली लगेच मुरूम लागतो. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी ही पिके बहुतांशी पावसाच्या भरवशावर असतात. पाऊस मुळीच पडत नाही असे नाही. तो थोड्या दिवसांत जोराने पडतो, उतारावरून पळतो आणि जाताना मातीही घेऊन जातो.

ती माती जाते कोठे? ओढ्यातून नदीत, आणि वाटेत जलाशय असेल तर त्याच्या तळाला. गंगाखेड तालुक्यातील मासोळी प्रकल्पाचे नाव मुलांना ठाऊक असते. अशा जलाशयांत गाळ कसा साचतो हे त्या निमित्ताने समजावून द्यावे. डोंगरावर मातीला जागीच थोपविले तर खालच्या जलाशयाचे आयुष्य वाढते. राज्य शासनाने २०१७ मध्ये जलाशयांतील गाळ काढून शेतात पसरविण्याची योजना सुरू केली. ती उपयुक्त आहे, परंतु वाहून गेलेली माती परत उचलून आणण्यापेक्षा ती जाऊच न देणे केव्हाही स्वस्त. म्हणूनच जलसंधारणाची कामे 'माथा ते पायथा' या क्रमाने करावीत असे जाणकार सांगतात. प्रथम डोंगरमाथ्यावर व उतारावर समतल चर, मग ओघळींत अनघड दगडांचे बांध, त्याखाली नालाबांध व सर्वांत शेवटी पाझर तलाव. पायथ्याचे काम आधी केले तर ते पहिल्या काही पावसांतच गाळाने भरते.

६. हिशेबाचा पाठ

पुढील उदाहरण फळ्यावर टप्प्याटप्प्याने सोडवून घ्यावे.

एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर १ मिलिमीटर पाऊस पडला तर १०,००० लिटर पाणी पडते. एका दमदार सरीत २५ मिलिमीटर पाऊस झाला तर एका हेक्टरवर २,५०,००० लिटर पाणी येते.

आता त्याच उतारावर ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल असे समतल चर एकंदर १,००० मीटर लांबीचे खोदले, तर त्यांत १८० घनमीटर, म्हणजे १,८०,००० लिटर पाणी एका भरतीला मावते. सरीचा बराच मोठा भाग जागच्या जागी थांबला. तो मुरूमात झिरपतो व खालच्या विहिरींकडे जातो.

हिशेबाचा दुसरा भाग रोजगाराचा आहे. एक मजूर दिवसाला २ घनमीटर खोदतो असे धरल्यास १८० घनमीटर खोदण्यास ९० दिवसांची मजुरी लागते. गावाच्या डोंगरउताराचे १०० हेक्टर क्षेत्र असे बांधावयाचे झाल्यास ९,००० दिवसांची मजुरी उभी राहते. ऊसतोडीचा हंगाम १५० दिवसांचा धरला तर एका कोयत्याचे, म्हणजे दोन माणसांचे, ३०० दिवस भरतात. ९,००० ला ३०० ने भागावे. उत्तर येते ३०. याचा अर्थ असा की १०० हेक्टर डोंगर बांधण्याचे काम ३० जोडप्यांना एक पूर्ण हंगाम पुरते.

हे उत्तर आले की शिक्षकांनी थोडे थांबावे. मुलांपैकी कोणीतरी विचारील, 'मग पुढच्या वर्षी काय?' कोणी विचारले नाही तर शिक्षकांनी विचारावे. एकदा खोदलेला चर दरवर्षी पुन्हा खोदता येत नाही, हे खरे आहे. या प्रश्नाचे उत्तर पुढील भागात आहे आणि तेच या पाठाचे मर्म होय.

७. कामातून काम

चर खोदण्याची मजुरी ही पहिली पायरी. चराच्या भरावावर झाड लावले, खालच्या विहिरीला पाणी टिकले, रब्बीचे पीक उभे राहिले, तर त्या प्रत्येक गोष्टीतून नवे काम निर्माण होते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने हेच केले. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने डोंगरावर समतल चर घेतले, मोकाट चराई व कुऱ्हाड बंद केली, शेतीच्या सिंचनासाठी विंधनविहिरी घेणे थांबविले आणि उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याचा नियम घातला. पाणी टिकले, गवत वाढले, दूधधंदा वाढला आणि गाव सोडून गेलेली कुटुंबे परत आली. मजुरी संपल्यावर गावाने शिस्त चालू ठेवली, हे या यशाचे खरे कारण होय.

राणीसावरगावसारख्या गावात चार कसोट्यांना उतरतील अशी कामे कोणती? पुढील कामे चर्चेसाठी घ्यावीत.

_रोपवाटिका._ ज्या गावात झाडे लावावयाची आहेत त्या गावात रोपे बाहेरून का आणावी? बी गोळा करणे, पिशव्या भरणे, पाणी घालणे, कलमे बांधणे ही कामे घराजवळ होतात व महिलांच्या बचत गटांना झेपतात. कलम बांधणे हे हुन्नराचे काम असून ते शिकणाऱ्याला दुसऱ्या गावातूनही बोलावणे येते.

_सीताफळ._ बालाघाटाच्या बरड जमिनीत सीताफळ उत्तम येते. शेजारच्या बीड जिल्ह्याच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. अंबाजोगाई येथे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे. या झाडाचा पाला शेळ्या खात नाहीत, म्हणून कुंपण नसलेल्या डोंगरावरही ते तग धरते. फळे तोडणे, निवडणे, गर काढणे ही कामे पावसाळा सरताना, म्हणजे नेमक्या स्थलांतराच्या आधीच्या दिवसांत निघतात. फळ मात्र तीन-चार वर्षांनी धरते. तोवर कुटुंबाला दुसऱ्या कामाचा आधार लागतो, ही गोष्ट लपवून ठेवू नये.

_निंबोळी._ पावसाळ्याच्या आरंभी कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो व बहुधा तसाच वाया जातो. त्या वेचून, वाळवून, कुटून ठेवाव्यात. ५ किलो चूर्ण रात्रभर पाण्यात भिजवून गाळले व एकंदर १०० लिटर द्रावण केले की पाच टक्के निंबोळी अर्क तयार होतो. कापसावरील रस शोषणाऱ्या किडींवर त्याचा उपयोग होतो. विषारी फवारणीचा काही भाग यामुळे टळतो व वेचणाऱ्या महिलेला चार पैसे मिळतात.

_खत._ शेण, पालापाचोळा व काडीकचरा यांचे कंपोस्ट किंवा गांडूळखत करणे. कापसाची पऱ्हाटी शेतात पेटवून देण्याची चाल आहे. ती बारीक करून कुजविली तर जमिनीला परत मिळते. गोबर गॅसचे संयंत्र बांधणारा व दुरुस्त करणारा गवंडी हाही परिसरस्नेही कारागीरच होय.

_दुरुस्ती._ सौर पंप व सौर दिवे खेडोपाडी आले आहेत, परंतु बिघडल्यावर ते दुरुस्त करणारा माणूस तालुक्याहून बोलवावा लागतो. हुन्नर शिकलेल्या तरुणाला येथे काम आहे. सायकल दुरुस्त करणारा, औताला फाळ बसविणारा लोहार, जुनी खाट विणून देणारा यांनाही याच यादीत मानाने बसवावे. जी वस्तू दुरुस्त होते ती कचऱ्यात जात नाही.

_मध._ महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. मधमाश्या पिकांच्या परागीभवनास साहाय्य करतात, म्हणून मधपाळाचे काम शेजाऱ्याच्या शेतालाही उपकारक ठरते. जेथे फवारणी कमी व फुलोरा पुष्कळ, तेथेच हे काम साधते.

आता मागील प्रश्नाचे उत्तर मुलांनीच द्यावे. पहिल्या वर्षी चर, दुसऱ्या वर्षी रोपे, तिसऱ्या वर्षी राखण व पाणी, चौथ्या वर्षी फळ. जे काम संपताना पुढच्या कामाला जन्म देते, तेच गावात राहणारे काम.

८. शिवारफेरी व पाहणी

शिवारफेरीसाठी दोन गोष्टी शाळेतच तयार कराव्यात.

पहिली, समतल रेषा काढण्याची चौकट. साधारण दोन मीटर लांबीचे दोन सारखे बांबू वरच्या टोकाशी घट्ट बांधावेत, खालची टोके फाकवावीत व मधे तिसरा बांबू आडवा बांधावा. वरच्या टोकापासून ओळंब्यासारखा दोरीने दगड सोडावा. चौकट दोन खुंट्यांवर उभी करून दोरी आडव्या बांबूला जेथे शिवते तेथे खूण करावी. मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करावी. दोन खुणांच्या बरोबर मध्यावर तिसरी, ठळक खूण करावी. दोरी या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत असे समजावे. चौकटीचा एक पाय स्थिर ठेवून दुसरा पाय पुढे फिरवावा व पातळी मिळेल तेथे चुन्याची खूण करावी, असे करीत गेल्यास डोंगरावर समतल रेषा उमटते. भूमितीचा हा पाठ मुले कधी विसरत नाहीत.

दुसरी, पाहणीचा तक्ता. त्यात पाच रकाने असावेत : काम कोणते, कोण करतो, वर्षातील कोणत्या महिन्यांत मिळते, चार कसोट्यांपैकी किती उतरतात, ते वाढण्यास कोणती अडचण आहे. मुलांनी दोघा-दोघांनी आपल्या गल्लीतील पाच घरी जाऊन हा तक्ता भरावा. मजुरी, कर्ज किंवा उचल यांचे आकडे विचारू नयेत व कोणाचे नाव तक्त्यात लिहू नये.

तक्ता पुरा झाल्यावर बारा महिन्यांचे एक वर्तुळ भिंतीवर काढून त्यात कामे भरावीत. कोणत्या महिन्यांत रिकामी जागा राहते हे सर्वांना एका दृष्टिक्षेपात दिसेल. ती रिकामी जागा हाच गावापुढील प्रश्न होय.

९. गावापुढे मांडणी

शोधलेल्या गोष्टीचा प्रसार झाला नाही तर शोध वहीतच राहतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या संमतीने हे वर्तुळ व तक्ता ग्रामसभेत मांडावा. रोजगाराची कामे निवडण्यात ग्रामसभेला मोठे स्थान आहे. तथापि काम हवे असेल तर मागणी नोंदवावी लागते, आणि ही मागणी कुटुंबे स्थलांतराचा निर्णय घेण्यापूर्वी नोंदवली गेली तरच तिचा उपयोग. उचल हाती आल्यावर कुटुंबाचे पाय बांधले जातात. म्हणून मांडणीची वेळ पोळ्यानंतर लगेच, फार तर गणपतीच्या सुमारास असावी. दिवाळीनंतरची ग्रामसभा उशिराची ठरते.

काही सावधगिरी आवश्यक आहे. मुलांकडून मजुरीचे काम करून घेऊ नये. त्यांचे काम पाहणे, मोजणे व सांगणे एवढेच. श्रमदानाचा अनुभव द्यावयाचा असल्यास पावसाळ्याच्या अखेरीस लहान ओढ्यावर, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून, मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली वनराई बंधारा घालावा. चर खोदण्याचे काम यंत्राने चटकन होते हे खरे, परंतु यंत्राने पाणी अडते, पोट भरत नाही. कठीण खडक असेल तेथे यंत्र व माती-मुरूम असेल तेथे माणूस, असा विवेक करावा लागतो. तसेच केवळ पाठाने कोणाचे स्थलांतर थांबत नाही. मजुरी वेळेवर मिळाली नाही तर चांगले कामही माणूस सोडून जातो, ही बाजूही मुलांनी ग्रामसभेत आदराने मांडावी.

१०. स्वाध्याय

१. खडी फोडणे व पाझर तलाव बांधणे या दोन कामांची चार कसोट्यांवर तुलना करा.

२. एका सरीत ४० मिलिमीटर पाऊस पडला तर अर्ध्या हेक्टरवर किती लिटर पाणी पडेल?

३. 'माथा ते पायथा' हा क्रम उलटा केला तर काय होईल? आकृती काढून सांगा.

४. व्यवसाय कर व रोजगार हमी यांचा संबंध आठ ओळींत लिहा.

५. घरातील वडीलधाऱ्या माणसाला १९७२ च्या दुष्काळात कोणते काम मिळाले होते ते विचारा. ते काम आज गावात कोठे दिसते काय, हे स्वतः जाऊन पाहा व लिहून आणा.

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा समजावा. एखादे मूल येऊन सांगेल की आजीने माती वाहिलेला तलाव अजून पाणी धरतो. दुसरे सांगेल की आजोबांनी फोडलेली खडी कोठे गेली ते कोणालाच ठाऊक नाही. दोन्ही उत्तरे वर्गात मोठ्याने वाचून घ्यावीत आणि वहीत एकाखाली एक लिहून ठेवण्यास सांगावे.